डबा वाजला, पण धावा किती वाढल्या?

२०१७ च्या हंगामात ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज हा अमेरिकी बेसबॉल संघ घरच्या मैदानावर काय करत होता, हे आता जगजाहीर आहे. कोणता चेंडू टाकायचा याची खूण तेव्हा बॅटरमागे बसलेला कॅचर चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांनी करायचा. सेंटर फिल्डमधल्या (मैदानाच्या दूरच्या टोकाच्या) कॅमेऱ्याने समोरच्या संघाच्या कॅचरची बोटं टिपायची. डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) मागच्या बोळातल्या पडद्यावर ती खूण ओळखायची आणि शेजारी ठेवलेला कचऱ्याचा डबा बॅटने बडवायचा. डबा वाजला की कर्व्हबॉल, स्लायडर किंवा चेंजअप, म्हणजे वळणारा किंवा हळू चेंडू येणार. डबा गप्प राहिला की फास्टबॉल.

शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल खेळलेल्या लातूर-परभणीकडच्या मुलामुलींना यातली मेख लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर दीडशे किलोमीटर वेगाचा फास्टबॉल पिचरच्या हातून सुटल्यावर साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरसमोर असतो. त्यातला निम्मा वेळ चेंडू ओळखण्यातच जातो. कोणता चेंडू येणार हे आधीच कळलं, तर बॅटरचं अर्धं काम झालं.

त्या हंगामात याच संघात असलेल्या पिचर माइक फायर्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीरपणे हे सांगितलं. १३ जानेवारी २०२० ला मेजर लीगचे (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचे) कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांचा अहवाल आला. मॅनेजर ए. जे. हिंच आणि जनरल मॅनेजर जेफ लूनाऊ यांना वर्षभराची बंदी, संघाला ५० लाख डॉलर दंड, शिवाय २०२० आणि २०२१ च्या ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या दोन फेऱ्यांवर पाणी. फसवणूक झाली की नाही, हा वाद तिथे मिटला. तिचा फायदा किती झाला, हा वाद मिटला नाही. त्याचं उत्तर आकड्यांतून काढता येतं, पण बहुतेक जण चुकीच्या आकड्यापासून सुरुवात करतात.

सगळ्यात सोपा आकडा म्हणजे घर आणि बाहेर. त्या हंगामात अ‍ॅस्ट्रोजने १०१ सामने जिंकले आणि ६१ हरले. घरी ४८-३३, बाहेर ५३-२८. म्हणजे डबा असलेल्या मैदानावर संघ उलट कमी जिंकला. हा आकडा दाखवून संघाचे चाहते म्हणतात, बघा, काहीच फायदा झाला नाही. आता प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरचे विजेतेपदाचे सामने बघा: घरी ८-१, बाहेर ३-६. हा आकडा विरोधक दाखवतात. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही या प्रश्नाला निरुपयोगी आहेत. सामना जिंकण्यात पिचिंग, फिल्डिंग, दुखापती, समोरचा संघ असं सगळं मिसळलेलं असतं. नऊ-नऊ सामन्यांत तर निव्वळ योगायोगानेही ८-१ होतं.

‘घरचे सामने’ या रकान्यातही एक खोच आहे. ऑगस्टच्या शेवटी हार्वे वादळामुळे ह्यूस्टन पाण्याखाली गेलं, तेव्हा टेक्सास रेंजर्सविरुद्धचे तीन सामने फ्लोरिडातल्या ट्रॉपिकाना फिल्डवर झाले. कागदावर ते घरचे, पण तिथे ना तो कॅमेरा होता ना तो डबा. सामन्यांच्या नोंदींची फाईल उतरवून नुसती ‘होम’ गाळणी लावली की ते तीन सामने गुपचूप आत येतात. मैदानाच्या नावावर गाळणी लावा.

दुसरा फसवा आकडा स्ट्राइकआउटचा. हुकलेला किंवा टप्प्यातला सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, तीन झाले की बॅटर बाद. २०१६ मध्ये अ‍ॅस्ट्रोजचे बॅटर १,४५२ वेळा स्ट्राइकआउट झाले, २०१७ मध्ये १,०८७ वेळा, म्हणजे सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी. एका वर्षात ३६५ ने घट! पण त्या हिवाळ्यात संघात ब्रायन मॅकॅन, जॉश रेडिक आणि कार्लोस बेल्ट्रान आले होते, आणि युली गुरिएल पहिल्यांदाच पूर्ण हंगाम खेळला. यातले बरेच जण मुळातच चेंडूला बॅट लावणारे. बाहेरच्या मैदानांवरही स्ट्राइकआउट घटले, आणि तिथे डबा नव्हता.

२०१६ आणि २०१७ ची तुलना आणखी दोन कारणांनी घसरते. २०१७ मध्ये चेंडूच जास्त उडत होता. लीगभर ६,१०५ होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) झाले, आणि २००० सालचा ५,६९३ चा विक्रम मोडला. शिवाय चेंडूचा वेग मोजणारी यंत्रणा त्याच वर्षी बदलली. नवी यंत्रणा वेग हातातून सुटतानाच मोजते, त्यामुळे प्रत्येक पिचरचा फास्टबॉल कागदावर थोडा जलद झाला. ‘गेल्या वर्षीपेक्षा जलद चेंडूही हे फोडत होते’ असं विधान या आकड्यांवरून करता येत नाही.

मोजायचं एकक एकच: एकेक चेंडू. आणि इथे अभ्यासकांचं नशीब थोर, कारण टोनी अ‍ॅडम्स नावाच्या अ‍ॅस्ट्रोजच्याच एका चाहत्याने २०१७ च्या घरच्या ५८ सामन्यांचे व्हिडिओ घेऊन प्रत्येक चेंडूच्या आधीचा आवाज तपासला. आवाजाचा आलेख काढून डब्याचा ठोका ओळखायचा, ही त्याची पद्धत. एकूण ८,२७४ चेंडू आणि त्यातल्या १,१४३ चेंडूंच्या आधी डबा. म्हणजे साधारण १४ टक्के. ही यादी त्याने सगळ्यांसाठी खुली ठेवली.

हिशेब स्वतः करून बघायचा असेल तर ही यादी आणि मेजर लीगच्या बेसबॉल सॅव्हंट या साइटवरची चेंडूनिहाय फाईल जोडावी लागते. सॅव्हंटवरून अख्खा हंगाम एका दमात उतरत नाही, महिन्या-महिन्याने उतरवा. जोडणी सामना, डाव, बॅटर आणि त्या बॅटरचा कितवा चेंडू या चार गोष्टींवर करायची. व्हिडिओतल्या वेळेवर केली तर रिप्ले आणि जाहिरातींमुळे सगळं सरकतं. आणखी एक अडचण खास २०१७ ची आहे. त्या वर्षापासून बॅटरला मुद्दाम वॉक (चार ‘बॉल’, म्हणजे टप्प्याबाहेरचे चेंडू, देऊन पहिला बेस फुकट) द्यायला चेंडू टाकावे लागत नाहीत, मॅनेजरने इशारा केला की झालं. फाईलमध्ये मात्र अशा न टाकलेल्या चेंडूंच्या ओळी असू शकतात. त्या आधी काढा, नाहीतर मोजदाद चुकते. जोडणी बरोबर झाली का, हे तपासायला प्रत्येक सामन्यात अ‍ॅस्ट्रोजच्या बॅटरना टाकलेल्या चेंडूंचा एकूण आकडा दोन्हीकडे सारखा येतो का ते बघा. दोन-तीनचा फरक चालतो, वीसचा नाही.

आता चेंडूला किंमत द्यायची. चोवीस परिस्थिती असतात: बेस रिकामे की भरलेले याच्या आठ तऱ्हा, गुणिले बाद किती याच्या तीन. प्रत्येक परिस्थितीतून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, हे लीगच्या जुन्या नोंदींतून माहीत आहे. कोणी बाद नाही आणि बेस रिकामे, तर साधारण अर्धी धाव. कोणी बाद नाही आणि तिन्ही बेस भरलेले, तर सव्वादोनच्या पुढे. त्यात बॉल-स्ट्राइकची बारा गणितं (बॉल ० ते ३, स्ट्राइक ० ते २) मिळवली की प्रत्येक चेंडूने अपेक्षित धावा किती वर-खाली केल्या ते निघतं. सॅव्हंटच्या फाईलमध्ये हा रकाना तयारच असतो. अंदाज यावा म्हणून: एका चेंडूला स्ट्राइकऐवजी बॉल दिला गेला, तर फरक सरासरी ०.१२ धावांचा. एक होम रन सरासरी १.४ धावांचा. आणि साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. हे शेवटचं प्रमाण हवेतलं नाही. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, हे बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं सूत्र, त्यातून विजयांचं प्रमाण निघतं. अ‍ॅस्ट्रोजने ८९६ धावा केल्या, ७०० दिल्या. उत्तर ०.६२१, म्हणजे १६२ पैकी १०० विजयांच्या थोडं वर. प्रत्यक्षात १०१. म्हणजे १९६ धावा जास्त केल्या आणि निम्म्या, ८१ विजयांहून साधारण वीस विजय जास्त मिळाले: दहा धावांना एक.

खरी कसोटी यापुढे आहे. पहिल्यांदाच हात घालणारा माणूस डबा वाजलेले चेंडू एका बाजूला आणि न वाजलेले दुसऱ्या बाजूला ठेवून सरासरी काढतो. हे चूक आहे, कारण डबा वाजायचा तो फास्टबॉल नसलेल्या चेंडूंनाच. म्हणजे ही तुलना डब्याची राहत नाही, कर्व्हबॉल विरुद्ध फास्टबॉल अशी होते. मग सुधारणा करायची: कर्व्हबॉल आणि स्लायडर एवढेच घ्या, त्यांतले डबा वाजलेले आणि न वाजलेले बघा. तेही पिचर, बॉल-स्ट्राइकची स्थिती आणि डावखुरा-उजवा यानुसार जुळवून.

इथवर पुष्कळ जण येतात आणि थांबतात. पण माझ्या मते सगळ्यात मोठं भोक याच्या पुढे आहे. डबा न वाजणं हीसुद्धा बातमीच होती! यंत्रणा चालू असताना शांतता म्हणजे फास्टबॉल. त्यामुळे ज्या चेंडूंना आपण ‘फसवणूक नसलेले’ धरतो, त्यातल्या कित्येकांवर बॅटरला माहिती मिळालेलीच होती. तुलनेचा गटच भेसळीचा असेल तर फरक कमी दिसणार. त्यात अ‍ॅडम्सला प्रेक्षकांच्या गोंगाटात जे ठोके ऐकू आले नाहीत, ते चुकून स्वच्छ गटात जाऊन पडतात. फरक आणखी पातळ होतो. म्हणून एकेक चेंडू वेगळा न काढता पूर्ण डावाला खूण करावी: या डावात एकदाही डबा वाजला का? वाजला असेल तर त्या डावातले सगळे चेंडू ‘यंत्रणा चालू’ या गटात. त्यातही रनर दुसऱ्या बेसवर असतानाचे चेंडू बाजूला काढा. तिथून रनरला खुणा दिसतात म्हणून कॅचर तेव्हा गुंतागुंतीची खूणमाळ वापरायचा. आणि रनरने नुसत्या डोळ्यांनी खूण चोरली तर ते नियमात बसतं, त्यामुळे माहितीचा उगम कोणता ते कळत नाही.

यावर उतारा म्हणजे दुहेरी फरक. अहवालानुसार डबा सुरू झाला तो हंगामाचे सुमारे दोन महिने उलटल्यावर. म्हणजे एप्रिल-मे हा घरचाच, पण डब्याआधीचा काळ हाताशी आहे. घरच्या कामगिरीत जूननंतर झालेला बदल काढा, त्यातून बाहेरच्या कामगिरीत त्याच काळात झालेला बदल वजा करा. उरेल तो डब्याचा संशयित वाटा. संशयितच म्हणायचं, कारण जुलैच्या मध्यापासून संघाचा प्रमुख बॅटर कार्लोस कोरेआ अंगठ्याच्या दुखापतीने दीड महिना बाहेर होता. म्हणून तुलना संघाची करू नये, एकेका बॅटरची करावी आणि मग बेरीज घ्यावी.

एवढं सगळं काटेकोर केलं तरी उत्तर किती पक्कं येईल? हे आधीच काढून ठेवलं की पुढचे वाद वाचतात. एका चेंडूमागे धावांच्या किमतीतला चढउतार साधारण ०.२५ धरा. १,१४३ चेंडूंच्या सरासरीतली प्रमाण त्रुटी म्हणजे ०.२५ भागिले १,१४३ चं वर्गमूळ, म्हणजे ०.००७४. ९५ टक्के खात्रीसाठी त्याच्या जवळपास दुप्पट, ०.०१४५. गुणिले १,१४३ केलं की सुमारे १७ धावा येतात. म्हणजे डब्याने १५ धावांचा निव्वळ फायदा करून दिला असला, तरी ५८ सामन्यांच्या या आकड्यांत तो शून्यापासून वेगळा दिसणार नाही. तुलनेच्या गटाची त्रुटी तर यात अजून धरलेलीच नाही.

आणि फायदा मुळात एवढा असेल का? समजा डब्यामुळे दर वीस चेंडूंत एका चेंडूवर बॅटरने फसून बॅट फिरवण्याऐवजी चेंडू सोडला, स्ट्राइकऐवजी बॉल मिळाला. ५७ चेंडू, गुणिले ०.१२, झाल्या सात धावा. जे पाच फटके झेल होऊन बाद झाले असते ते होम रन झाले, तर आणखी आठ. तोटाही असतो. खूण ओळखणारा चुकला, डबा वाजला आणि आला फास्टबॉल, तर बॅटर नुसता उभा राहतो. पंधरा धावा म्हणजे दीड विजय, आणि अ‍ॅस्ट्रोजने आपला विभाग जिंकला तो २१ सामन्यांच्या अंतराने. हंगामाच्या तक्त्यावर डब्याचा परिणाम जवळपास दिसेनासा आहे, असं माझं मत आहे. त्यावरून ‘मग काय एवढं’ असा अर्थ काढायचा असेल तर खुशाल काढा, पण पुढचे आकडे बघून काढा.

सरासरी फायदा छोटा असला तरी तो सारखा वाटला गेलेला नव्हता. मार्विन गोंझालेझसाठी डबा १४७ वेळा वाजला, होझे अल्टुव्हेसाठी फक्त २४ वेळा. अल्टुव्हे अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, त्याची सरासरी (बॅटिंगच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) घरी .३११ आणि बाहेर .३८१. त्याच्या पुरस्कारावर शंका घेणाऱ्यांच्या बाजूने हे आकडे बोलत नाहीत. गोंझालेझची सरासरी २०१७ मध्ये .३०३ होती, पुढच्या वर्षी .२४७. मात्र कारकिर्दीतल्या सर्वोत्तम वर्षानंतर प्रत्येकाचाच आकडा खाली येतो. त्यामुळे ती घसरण सगळी डब्याच्या नावावर लिहू नये.

तोटा तर आणखी विषम वाटला गेला. ४ ऑगस्टला टोरांटो ब्लू जेजविरुद्ध डबा ५४ वेळा वाजला, नोंदीतला सर्वाधिक. सामना १६-७ असा एकतर्फी झाला. त्या धावा विजयाच्या हिशेबात जवळपास फुकट गेल्या, कारण १६ ऐवजी १० धावा केल्या असत्या तरी सामना जिंकलाच असता. पण त्या दिवशी टोरांटोच्या माइक बोल्सिंगर नावाच्या पिचरने २९ चेंडू टाकले, त्यातल्या १२ चेंडूंना डबा वाजला. एकच बाद मिळाला आणि चार धावा गेल्या. त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, आणि तो मेजर लीगमध्ये परत कधी खेळला नाही. संघाच्या हिशेबात शून्य विजय, एका माणसाच्या हिशेबात अख्खी कारकीर्द. दीड विजयाचं गणित हे पकडत नाही. पकडायचंच असेल तर प्रत्येक पिचरला त्याच्या करारातल्या अनिश्चिततेनुसार वजन द्यावं लागेल. दीर्घ करार असलेल्याला एका वाईट दिवसाने काही होत नाही, कडेलोटावर उभ्या असलेल्याला होतं.

वर्ल्ड सिरीजबद्दल, म्हणजे लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेबद्दल, तर बोलावं तेवढं जपून. पाचव्या सामन्यात ह्यूस्टनमध्ये डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉच्या वळणाऱ्या चेंडूंवर अ‍ॅस्ट्रोजचे बॅटर जवळपास फसलेच नाहीत, हे संशयास्पद आहेच. पण त्यांचाच दुसरा पिचर यू डार्विशचं काय? तिसऱ्या सामन्यात ह्यूस्टनमध्ये तो १.२ इनिंग (एक डाव आणि वर दोन बाद) टिकला. सातव्या सामन्यात, लॉस एंजेलिसमध्ये, जिथे डबा नव्हता, तिथेही १.२ इनिंगच टिकला. तो चेंडू पकडण्याच्या लकबीवरूनच पुढचा चेंडू दाखवून देत होता, असं नंतर बोललं गेलं. एका पिचरच्या एका सामन्यावरून काहीच सिद्ध होत नाही, याचा इतका स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही.

फसवणूक मोजायचा दुसरा रस्ता उलट बाजूने येतो: ती बंद झाल्यावर काय घसरलं ते बघायचं. मराठवाड्यात हे कोणालाही पटेल. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात परीक्षा केंद्रांवर कॉपीविरोधात कडक बंदोबस्त झाला आणि निकाल धाडकन खाली आला. कोणी किती चिठ्ठ्या वापरल्या हे मोजायची गरजच पडली नाही. बेसबॉलमध्ये असा प्रसंग २१ जून २०२१ चा. पिचर बोटांना चिकट पदार्थ लावून चेंडूला जास्त फिरकी देत होते. त्या दिवसापासून अंपायर हात, टोपी आणि ग्लोव्ह तपासू लागले. फास्टबॉल साधारणपणे मिनिटाला २,३०० च्या आसपास फेरे घेतो. हा आकडा लीगभर खाली आला, शेकडो पिचरांचा एकदम. चेंडूंची संख्या लाखांत असल्यामुळे डब्याच्या वेळी छळणारी त्रुटी इथे उरत नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की कारवाई होणार ही कुजबुज जूनच्या सुरुवातीलाच झाली आणि फिरकी तेव्हापासूनच उतरू लागली. २१ जूनला रेघ मारून आधी-नंतर केलं तर परिणाम कमी दिसतो. मधले तीन आठवडे गाळा.

१९१९ चं प्रकरण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू वर्ल्ड सिरीज मुद्दाम हरण्याच्या कटात होते, असा आरोप झाला आणि आठहीजणांवर आजन्म बंदी आली. त्यातल्या शूलेस जो जॅक्सनची त्या मालिकेतली सरासरी .३७५! निव्वळ सरासरीवर निकाल द्यायचा तर तो निर्दोष. पण मुद्दाम हरणाऱ्याला सगळे चेंडू सोडावे लागत नाहीत. मोक्याचे दोन-तीन पुरतात, म्हणून तिथे प्रत्येक संधीच्या वेळी सामना कुठे उभा होता त्याचं वजन धरावं लागतं. आठ सामन्यांत ते धरूनही हाती फारसं लागत नाही.

आता आपल्याकडे. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय स्पर्धेत किंवा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये समोरचा संघ खुणा चोरतोय असा संशय आला, तर वरची पद्धत वापरायचा मोह आवरा. पाच सामने, प्रत्येकी शंभर चेंडू धरले तर ५०० चेंडू. त्याच सूत्राने त्रुटी येते सुमारे ११ धावांची, म्हणजे सामन्यामागे दोन धावांहून जास्त. एवढा प्रचंड फायदा झाला तरच तो आकड्यांत दिसेल, आणि तोवर स्पर्धा संपलेली असेल. त्याऐवजी स्कोअरशीटला तीन रकाने जोडा: कॅचरने मागितलेला चेंडू, दुसऱ्या बेसवर रनर होता की नाही, आणि बॅटरने पाय किंवा पकड चेंडू सुटण्याआधी हलवली का. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा, कारण फायदा झाला का हे तो सांगत नाही, माहिती पोचली का एवढंच सांगतो, आणि त्याला वीस-पंचवीस चेंडू पुरतात. २१ सप्टेंबर २०१७ ला शिकागो व्हाइट सॉक्सच्या पिचर डॅनी फार्क्वारने हेच केलं. चेंजअपच्या आधी दरवेळी डबा वाजतोय हे त्याच्या कानाने टिपलं, त्याने कॅचरला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) बोलावलं आणि खुणा बदलल्या.